जे घडलं नाही, ते

इंग्लंडच्या उत्तरेला लँकाशर परगण्यात कोवन ब्रिज नावाचं खेडं आहे. तिथे १८२४ साली गरीब पाद्र्यांच्या मुलींसाठी एक वसतिशाळा सुरू झाली. फी वर्षाला १४ पौंड. ऑगस्टमध्ये त्या शाळेत आठ वर्षांची एक मुलगी दाखल झाली आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे शेरा पडला : वाचन बरं, अक्षर सुमार, हिशेब थोडाफार, शिवणकाम नीटनेटकं, व्याकरण, भूगोल, इतिहास यांचा गंध नाही, वयाच्या मानाने हुशार, पण पद्धतशीर असं काहीच शिकलेली नाही. ही शार्लट ब्राँटे. तिच्या थोरल्या बहिणी मरिया आणि एलिझाबेथ जुलैतच तिथे आल्या होत्या. नोव्हेंबरात सहा वर्षांची एमिलीही आली. आई १८२१ मध्ये वारलेली, वडील यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचे पाद्री, घरात सहा मुलं. अशा बापाला ही स्वस्त शाळा म्हणजे देवाची कृपाच वाटली असणार.

पुढच्या फेब्रुवारीत मरियाला क्षयाने पोखरलेलं पाहून वडिलांनी घरी नेलं. ६ मे १८२५ ला ती गेली, अकरा वर्षांची असताना. मेअखेर एलिझाबेथला घरी पाठवलं, तेव्हा कुठे वडील धावत जाऊन शार्लट आणि एमिलीला घेऊन आले. १५ जूनला एलिझाबेथही गेली.

बावीस वर्षांनी, १८४७ च्या ऑक्टोबरात, ‘करर बेल’ या टोपणनावाने ‘जेन एअर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातली लोवुड शाळा म्हणजे हीच. करपलेली लापशी, गारठलेले हात, रविवारी दोन मैल चालत चर्चला जाणं आणि ओल्या पायांनी तिथे बसून राहणं, हे सगळं तिने जसंच्या तसं उचललं आहे. शाळेचे संस्थापक विल्यम कॅरस विल्सन लहान मुलांसाठी धार्मिक मासिक चालवत आणि त्यात पापी मुलांच्या मरणाच्या गोष्टी छापत. कादंबरीतल्या ब्रॉकलहर्स्टच्या तोंडी तीच नरकाची भाषा आहे. हा ब्रॉकलहर्स्ट एका मुलीचे केस उपजतच कुरळे आहेत म्हणून कापायला लावतो आणि त्याच क्षणी त्याची बायको आणि मुली रेशमी झगे घालून, केस कुरळे करून आत येतात. लोक ओळखणार नाहीत असं शार्लटला वाटलं होतं. पण पुस्तक निघून तीन महिनेही झाले नसतील, तेवढ्यात एका वृद्ध पाद्र्याला ते वाचता वाचता शाळेचं, संस्थापकाचं आणि एका शिक्षिकेचं खरं नाव मोठ्याने घेताना तिने स्वतः पाहिलं. त्या माणसाने त्या सगळ्यांना पाहिलेलं होतं. तो ज्यांची नावं घेतोय त्यांच्याबद्दल जिने लिहिलं, ती शेजारीच उभी आहे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

लेखिकेचं आयुष्य आणि तिची कादंबरी यांची चर्चा बहुतेक वेळा इथेच थांबते. ही शाळा ती शाळा, हा पाद्री तो पाद्री, जेनची शाळेतली मैत्रीण हेलन बर्न्स म्हणजे मरिया. अशा जोड्या जुळवण्यात मौज आहे, नाही असं नाही. पण त्याने हाती फारसं लागत नाही. मला वाटतं, जिथे आयुष्य आणि पुस्तक जुळतात तिथे पाहण्यापेक्षा जिथे ते जुळत नाहीत तिथे पाहावं. लेखिकेने काय बदललं? का बदललं? तिचं मन खऱ्या अर्थाने तिथे कामाला लागलेलं असतं.

हेलन बर्न्सचंच पाहा. कादंबरीत शाळेत टायफसची साथ येते आणि ऐंशीतल्या पंचेचाळीस मुली एकाच वेळी अंथरुणाला खिळतात. हेलनला मात्र क्षय झालेला आहे. ती वेगळ्या खोलीत, एका बाईंच्या खोलीत आहे. रात्री जेन चोरपावलांनी तिच्याकडे जाते, तिच्या शेजारी निजते, दोघी गळ्यात हात घालून बोलत बोलत झोपी जातात आणि सकाळी बाईंना त्या तशाच सापडतात. जेन झोपलेली, हेलन गेलेली.

हे शार्लटच्या आयुष्यात घडलेलं नाही. मरिया घरी गेली ती फेब्रुवारीत, आणि शार्लट शाळेतच राहिली. मरिया हॉवर्थमध्ये शेवटचे श्वास घेत होती, तेव्हा नुकतीच नऊ वर्षांची झालेली ही बहीण कोवन ब्रिजच्या गारठ्यात धडे गिरवत होती. आईनंतर मरियानेच या भावंडांवर मायेची पाखर घातली होती, आणि तिचा निरोप शार्लटला घेता आला नाही. बावीस वर्षांनी कागदावर तिने ती रात्र स्वतःला दिली.

पण तिने मरियाला जगवलं नाही. कादंबरी लिहिणारीच्या हाती सगळं असतं. हेलन बरी झाली, मोठी झाली, जेनची जन्माची सोबतीण झाली, असं लिहायला कोणी अडवलं असतं? तिने मृत्यू तसाच ठेवला, फक्त निरोप मिळवून दिला. जे गेलं ते परत मागायचं नाही, पण जे हातून निसटलं त्यातला एक भाग मिळवायचा, ही रीत शार्लटच्या पुढच्या लेखनात पुन्हा पुन्हा दिसते. जिथे ती पाळली गेली ती पानं जिवंत आहेत. जिथे तिने सगळंच मागून घेतलं तिथे पुस्तक लटकं पडलं आहे.

‘जेन एअर’ मधल्या बाकीच्या गोष्टींवरून इथे भरभर जाऊ. शार्लटने दोन घरी गव्हर्नेसची नोकरी केली, १८३९ मध्ये आणि १८४१ मध्ये. दुसऱ्या घरी पगार वर्षाला २० पौंड, त्यातून कपडे धुण्याचा खर्च वजा जाता हाती १६ उरत. कादंबरीत गव्हर्नेस झालेल्या जेनला थॉर्नफील्डच्या वाड्यात ३० मिळतात. पाहुण्यांच्या मेळाव्यात कोपऱ्यात बसून राहणाऱ्या, घरातल्या ना मालकांतल्या ना नोकरांतल्या बाईचं दुःख तिला बाहेरून कल्पावं लागलं नाही. १८३९ मध्येच तिच्या मैत्रिणीचा भाऊ हेन्री नसी याने तिला लग्नाचं विचारलं. तोही पाद्री, आणि त्याला संसाराला व शाळेला हातभार लावणारी बायको हवी होती. ज्याच्यासाठी जीव द्यावा असं वाटावं, इतकी ओढ या माणसाबद्दल आपल्याला नाही, असं मैत्रिणीला कळवून तिने नकार दिला. कादंबरीतला सेंट जॉन रिव्हर्स जेनला मिशनरीची बायको म्हणून हिंदुस्थानात न्यायला निघालेला आहे आणि त्यासाठी तिला हिंदुस्थानी शिकवतो. तिथे हा नकार एका साध्या पत्रापुरता राहत नाही. त्याला वादळाचं रूप येतं. नायिका सुंदरच असली पाहिजे असं बहिणींचं म्हणणं होतं. त्यावर, माझ्याइतकी ठेंगणी आणि साधी नायिका मी तुम्हाला दाखवते, असं शार्लट म्हणाल्याचं सांगतात.

एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. ‘जेन एअर’ लिहायला सुरुवात झाली ती १८४६ च्या ऑगस्टमध्ये, मँचेस्टरच्या एका भाड्याच्या खोलीत. वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिथे झाली. भूल न देता, आणि एकाच डोळ्याची. पुढचे कित्येक दिवस ते अंधाऱ्या खोलीत पट्टी बांधून पडून होते आणि त्याच दिवसांत तिची पहिली कादंबरी आणखी एका प्रकाशकाकडून परत आली होती. पलीकडे आंधळा बाप, अलीकडे नाकारलेलं बाड, आणि ही बाई नव्या कादंबरीचं पहिलं पान लिहायला बसते. त्या कादंबरीच्या शेवटी नायक रॉचेस्टर आंधळा होतो, जेन त्याची दृष्टी होते, आणि पुढे त्याला दिसू लागतं तेही एकाच डोळ्याने. इथेही तिने दोन्ही डोळे मागितले नाहीत.

म्हणून रॉचेस्टर म्हणजे वडील, असं कोणी म्हणणार नाही. एका पात्रात किती ठिकाणचं पाणी येऊन मिळतं याचा तो नमुना आहे. १८२६ च्या जूनमध्ये वडिलांनी घरी लाकडी शिपायांची पेटी आणली, आणि चौघा भावंडांनी त्या शिपायांना नावं देऊन एक कल्पित राज्य वसवलं. पुढे त्याचा विस्तार होत गेला, आणि शार्लट व भाऊ ब्रॅनवेल यांनी त्यातून ‘अँग्रिया’ उभं केलं. तळहातावर मावतील एवढ्याल्या वह्यांत, भिंगाखालीच वाचता येईल अशा अक्षरात, त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. त्या राज्याचा देखणा, दुराचारी, बायकांना भुरळ घालणारा ड्यूक ऑफ झामोर्ना हा रॉचेस्टरचा खरा पूर्वज. तो बायरनच्या कवितांतून आलेला आणि पोरवयातल्या स्वप्नांत वाढलेला. लेखिकेच्या आयुष्यात काय घडलं याची मोजदाद करताना तिने काय वाचलं आणि कसली स्वप्नं पाहिली, हेही तिच्या आयुष्यातच धरायला हवं. पुस्तकांनी गजबजलेल्या त्या पाद्र्याच्या घरात वाचन हीच सगळ्यांत मोठी घडामोड होती.

आणि जोड्या जुळवण्याची हौस कुठवर जाते तेही सांगायला हवं. ‘जेन एअर’ची दुसरी आवृत्ती शार्लटने आपल्या आवडत्या लेखकाला, थॅकरे यांना अर्पण केली. थॅकरे यांची पत्नी मनोविकाराने ग्रस्त होती आणि तिला दुसरीकडे देखरेखीखाली ठेवलेलं होतं. हे शार्लटला अजिबात माहीत नव्हतं. कादंबरीत रॉचेस्टरची वेडी बायको माळ्यावर कोंडलेली. झालं, लंडनभर कुजबुज सुरू झाली की करर बेल ही थॅकरे यांच्या घरातली गव्हर्नेस. खरी हकीकत कळल्यावर शार्लटला किती वाईट वाटलं असेल! ज्याचा मान करायचा त्याच्याच जखमेवर तिच्या हातून मीठ पडलं होतं.

आता ब्रसेल्सकडे वळू, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. स्वतःची शाळा काढायची तर फ्रेंच उत्तम यायला हवं, म्हणून मावशीने दिलेल्या पैशांवर शार्लट आणि एमिली फेब्रुवारी १८४२ मध्ये ब्रसेल्सला गेल्या. रु दिझाबेल या रस्त्यावरची ती मुलींची शाळा मादाम झोई हेगर चालवत. त्यांचे पती कॉन्स्टँटिन हेगर साहित्य शिकवत. बुटका, काळासावळा, क्षणात भडकणारा, क्षणात विरघळणारा माणूस, आणि शिक्षक अव्वल दर्जाचा. फ्रेंच लेखकांचे उतारे वाचून दाखवायचे, त्यांची घडण उलगडायची, मग त्या धर्तीवर स्वतःचं लिहून आणायला सांगायचं, आणि आलेल्या निबंधातला प्रत्येक फाफटपसारा छाटायचा, अशी त्यांची पद्धत होती. शार्लटच्या लेखणीला आयुष्यात पहिल्यांदा तोलाचा वाचक मिळाला. ती २५ वर्षांची होती, ते तिशी ओलांडलेले, लेकुरवाळे.

मावशीच्या निधनामुळे वर्षअखेर दोघी परतल्या. एमिली मग घरीच राहिली. शार्लट जानेवारी १८४३ मध्ये एकटी परत गेली, तिथे इंग्रजी शिकवू लागली, आणि त्या वर्षभरात तिला कळून चुकलं की आपण गुरूवर प्रेम करतो आहोत. मादामनाही ते कळलं. त्यांनी आकांडतांडव केलं नाही, हळूहळू अंतर वाढवलं. सुट्टीत शाळा रिकामी झाली आणि शार्लट त्या ओस इमारतीत जवळजवळ एकटी उरली. गावभर भटकायची. एका संध्याकाळी ही कट्टर प्रॉटेस्टंट पाद्र्याची मुलगी सेंट गुडुलाच्या कॅथलिक चर्चमध्ये शिरली आणि तिने तिथल्या पाद्र्यापाशी कबुलीजबाब दिला. एमिलीला पत्रातून तिने हे सांगितलं, आणि बाबांना कळवू नको असंही लिहिलं. १८४४ च्या आरंभी ती घरी आली.

घरून तिने हेगर यांना फ्रेंचमध्ये पत्रं लिहिली. त्यांतली चार आज उपलब्ध आहेत, जुलै १८४४ ते नोव्हेंबर १८४५ या काळातली. एका पत्रात ती म्हणते की मला लिहिता आलं असतं तर एक पुस्तक लिहून माझ्या साहित्याच्या गुरूला अर्पण केलं असतं. पुढच्या पत्रांत उत्तरासाठीचा तगादा, मग विनवणी, मग उपाशी माणसाची भाषा. शेवटच्या उपलब्ध पत्रात सहा महिने न लिहिण्याची मुदत सरल्याचा उल्लेख आहे. त्याच पत्राच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीने एका चांभाराचा पत्ता टिपून ठेवला आहे. तीन पत्रं हेगर यांनी फाडून टाकली होती. मादामनी ते कपटे गोळा केले, जुळवले, काही कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवले, काही सुईदोऱ्याने शिवले आणि जपून ठेवले. हेगर यांच्या मुलांनी ती १९१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिली, आणि त्याच वर्षी जुलैत ती ‘द टाइम्स’मध्ये छापून आली.

या दोन वर्षांतून शार्लटने दोन कादंबऱ्या लिहिल्या. एकच अनुभव, दोनदा.

पहिली ‘द प्रोफेसर’. १८४६ च्या उन्हाळ्यापर्यंत ती लिहून झाली, म्हणजे पत्रांची दारं बंद होत होती त्याच सुमारास. निवेदक पुरुष आहे, विल्यम क्रिम्सवर्थ, ब्रसेल्सच्या शाळेत शिकवायला आलेला इंग्रज. शाळेची धूर्त मुख्याध्यापिका त्याला जाळ्यात ओढू पाहते. त्याचं मन जडतं ते फ्रान्सिस आन्री या गरीब, हुशार विद्यार्थिनीवर, जी लेस दुरुस्त करून पोट भरते. मुख्याध्यापिका तिला हाकलते, मास्तर तिला शोधून काढतो, लग्न होतं, दोघं मिळून शाळा काढतात, ती जोरात चालते, मूल होतं, इंग्लंडात घर होतं. म्हणजे विद्यार्थिनीला गुरू मिळाला, शाळा मिळाली, सगळं मिळालं. आणि कादंबरी निर्जीव झाली. शार्लट पुरुषाच्या कोटात शिरून बोलते आहे, त्यामुळे जिचं दुःख आहे ती फ्रान्सिस आपल्याला सदैव बाहेरून, मास्तरांच्या नजरेतून दिसते. ज्या मनात शिरायला हवं होतं त्या मनाचं दारच तिने लावून घेतलं. जखम ओली होती. तिच्याकडे सरळ पाहणं तेव्हा शक्य नव्हतं, हे मी समजू शकते. ही कादंबरी तिच्या हयातीत नऊ वेळा नाकारली गेली आणि तिच्या मृत्यूनंतर, १८५७ मध्ये निघाली.

दुसरी ‘व्हिलेट’, जानेवारी १८५३ ची. मधे सात वर्षं गेली, आणि ती काय वर्षं होती! ‘जेन एअर’ची कीर्ती आली आणि पाठोपाठ घर ओस पडलं. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, मे १८४९ मध्ये धाकटी बहीण ॲन. आठ महिन्यांत तिघं. हॉवर्थमध्ये मरण नवं नव्हतं. १८५० च्या सरकारी आरोग्य-अहवालात त्या गावातलं मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं भरलं होतं. पण सहा भावंडांतली एकटी उरणं ही गोष्ट आकड्यांत बसत नाही.

‘शर्ली’ ही कादंबरी या मरणांच्या मधोमध लिहिली गेली. तिचा बराचसा भाग ब्रॅनवेल जाण्याआधी झाला होता. पुन्हा लेखणी उचलली तेव्हा पहिलं प्रकरण लिहिलं ते मृत्यूच्या छायेचं. नायिकांपैकी एक, कॅरोलाइन, तापाने मरणाच्या दारी जाते. आणि वाचते. एवढंच नव्हे, तिची शुश्रूषा करणारी बाई ही तिची दुरावलेली आई निघते. दुसरी नायिका शर्ली म्हणजे निरोगी आणि सुखवस्तू असती तर एमिली जशी झाली असती तशी, हे शार्लटने स्वतः आपली चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल यांना सांगितलं होतं. एमिलीचा कुत्राही त्यात आहे. कुत्रा चावल्यावर तिने स्वतःच तापलेल्या लोखंडाने जखम डागली, तो प्रसंगही आहे. बहीण जगते, आई परत येते. इथे शार्लटने सगळं मागितलं, आणि वाङ्मयाचा हिशेब पाहिला तर कादंबरीचा उत्तरार्ध त्या ओझ्याने वाकला आहे. पण ज्या परिस्थितीत ती पानं लिहिली गेली ती माहीत असताना त्यांना कमअस्सल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘व्हिलेट’ लिहिताना मात्र कसलीच मनधरणी उरलेली नव्हती. निवेदक आता बाई आहे. लूसी स्नो, एकटी, थंड, वाचकापासूनही गोष्टी लपवणारी. परकं शहर, मुलींची शाळा, मऊ जोड्यांतून आवाज न करता फिरणारी आणि सर्वांचे खण उघडून पाहणारी मादाम बेक, आणि बुटका तापट प्राध्यापक पॉल इमॅन्युएल. ओस शाळेतली सुट्टी आहे, कॅथलिक पाद्र्यापुढचा कबुलीजबाबही आहे. लूसीचं आधी ज्याच्यात मन गुंततं तो देखणा डॉक्टर शार्लटचा तरुण प्रकाशक जॉर्ज स्मिथ याच्यावरून घेतलेला, आणि त्याला ते ओळखूही आलं. आलेली पत्रं पुन्हा पुन्हा वाचणं, मग सात आठवडे काहीच न येणं, शेवटी ती पत्रं बाटलीत बंद करून झाडाच्या मुळाशी पुरणं, हे ज्याने कधी पत्राची वाट पाहिली आहे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बदललं काय? पॉल इमॅन्युएल अविवाहित आहे, मादाम बेक त्याची नातलग. म्हणजे वाटेतली सर्वांत मोठी धोंड शार्लटने काढून टाकली. तो लूसीवर प्रेम करतो, तिला एक छोटी शाळा थाटून देतो आणि कामासाठी तीन वर्षं वेस्ट इंडीजला जातो. १८४४ मध्ये ब्राँटे बहिणींनी हॉवर्थच्या घरी शाळा काढायची ठरवून माहितीपत्रकं छापली होती आणि एकही मुलगी आली नव्हती. लूसीची शाळा भरभराटीला येते. आणि दूरदेशाहून त्याची पत्रं येतात. प्रत्येक बोटीने येतात, भरभरून येतात. जी पत्रं हॉवर्थच्या दारी कधी आली नाहीत, ती सगळी तिने लूसीला दिली. मग परतीच्या प्रवासात समुद्रावर वादळ उठतं.

शार्लटच्या वडिलांना दुःखी शेवट आवडत नसे. नायक-नायिकेचं लग्न लावून दे असा त्यांचा आग्रह होता. मनात तर पॉल बुडालेलाच होता. बापाचं मन राखण्यासाठी तिने शेवट थोडा धूसर केला, ज्याला सुखाची आशा धरायची त्याने धरावी एवढी फट ठेवली. पण तो परत येतो असं लिहिलं नाही. पत्रं दिली, शाळा दिली, माणूस दिला नाही. ‘द प्रोफेसर’मध्ये सगळं मिळालेल्या फ्रान्सिसपेक्षा, एवढंच मिळालेली लूसी कितीतरी खरी वाटते. दीडशेहून अधिक वर्षांनीही तिच्या एकटेपणाची धग लागते.

कादंबरी वाचताना मादाम झोई हेगर यांचीही बाजू मनात ठेवायला हवी. शाळा चालवणारी, मुलं सांभाळणारी एक कर्तबगार बाई, आणि तिच्या नवऱ्यात गुंतलेली एक तरुण शिक्षिका. तिने जे केलं ते बऱ्याच संयमाने केलं. तिच्या वाट्याला आली ती मादाम बेक. खरं तर शार्लटला तिच्या कर्तबगारीचं कौतुक आहे. शाळा सोडून हिने राज्यकारभार करायला हवा होता, असं लूसी म्हणते. तरी ते चित्र न्यायाचं नाही. शार्लटला याची टोचणी असावी, कारण भाषांतराचा हक्क लेखकाकडे राखीव असल्याची सूचना पुस्तकावर छापली गेली. हे पुस्तक फ्रेंचमध्ये जाऊ नये आणि ब्रसेल्सला पोहोचू नये, अशी तिची धडपड होती. १८५५ मध्ये फ्रेंच भाषांतर निघालंच. पुढच्या वर्षी गॅस्केलबाई चरित्राच्या कामासाठी ब्रसेल्सला गेल्या, तेव्हा हेगर यांनी त्यांची भेट घेतली. मादामनी भेट नाकारली. त्या पत्रांची कल्पना गॅस्केलबाईंना आली होती. चरित्रात त्यांनी ती गोष्ट झाकून ठेवली. कॅरस विल्सन यांच्या शाळेबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं, त्यावरून मोठा वाद झाला आणि पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलावा लागला. शाळा इतकी चटकन ओळखली जाईल असं वाटलं असतं तर तसं लिहिलं नसतं, पण लिहिलं ते सगळं खरं आहे, असं शार्लटने त्यांना सांगितलं होतं.

ओळखलं गेल्याचा आनंद झालेला माणूसही आहे. ‘शर्ली’त तीन सहायक पाद्र्यांची शार्लटने भरपूर थट्टा केली आहे, आणि शेवटी मकार्थी नावाचा एक चौथा, बरा पाद्री येऊन जातो. तो वडिलांचे सहायक आर्थर निकल्स यांच्यावर बेतलेला. निकल्सनी ते पुस्तक वाचताना खोलीत एकट्यानेच इतकं हसणं, टाळ्या पिटणं आणि पाय आपटणं चालवलं, की घरमालकिणीला वाटलं यांना वेड लागलं. याच निकल्सशी शार्लटने जून १८५४ मध्ये लग्न केलं.

इतकं सगळं सांगून झाल्यावर एमिलीचा विषय टाळता येत नाही. तेच घर, तीच आई गेलेली, तोच हॉवर्थचा माळ, तीच शाळा, तेच ब्रसेल्स, तेच मास्तर. तिच्या आयुष्यात कोणी प्रियकर आल्याचा पुरावा नाही. घराबाहेर तिचा जीव रमत नसे. आणि तिने लिहिली ‘वदरिंग हाइट्स’, जिच्यात ना शाळा आहे, ना गव्हर्नेस, ना गुरू. आयुष्य कादंबरी घडवतं हे खरं असेल तर एका छपराखाली दोन इतकी वेगळी पुस्तकं कशी घडली? माझ्या मते फरक मागणीत आहे. एमिलीला आयुष्याकडून परत काही मिळवायचं नव्हतं. तिला जे हवं होतं ते माळावर आणि तिच्या मनात होतं, ब्रसेल्समध्ये नव्हतंच. शार्लटचं देणं-घेणं माणसांशी होतं, आणि ते अपुरं राहिलं होतं. ॲनने गव्हर्नेसच्या नोकरीवर ‘ॲग्नेस ग्रे’ लिहिली तीही याच मुशीतून, पण तिचा सूर साक्ष देणाऱ्याचा आहे. तिला परतफेड नको होती, लोकांना कळायला हवं होतं.

‘व्हिलेट’ निघाली त्याच वर्षाच्या अखेरीस शार्लटने नवी कादंबरी हाती घेतली. दोन प्रकरणं झाली. एका लहानशा शाळेत एक श्रीमंत दिसणारी मुलगी येते, बाप तिला सोडून जातो, फीचे पैसे यायचे थांबतात आणि कळतं की त्या नावाचा कोणी गृहस्थ, दिलेल्या पत्त्यावरचं घर, काहीच अस्तित्वात नाही. लग्नानंतरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी शेकोटीजवळ बसून तिने ती पानं निकल्सना वाचून दाखवली. पुन्हा शाळाच आणलीस, समीक्षक म्हणतील की हिला तेच तेच सुचतं, असं ते म्हणाले. ते मी बदलीन, असं तिने उत्तर दिलं. मनासारखं जमेपर्यंत मी नेहमी दोन-तीनदा तरी नव्याने सुरुवात करते. पुढे लिहिणं झालं नाही. ३१ मार्च १८५५ ला, वयाच्या ३८ व्या वर्षी ती गेली. ती दोन प्रकरणं १८६० मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिकात प्रसिद्ध झाली, थॅकरे यांच्या प्रस्तावनेसह.